डावा इकडे, उजवा पलीकडे

सन्मान घ्यायला निघताना मावशीने पत्र पिशवीत टाकलं आणि दादाला म्हणाली, "आज मी गप्प बसणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"तू कधी बसली होतीस?" कुबडी काखेत घेत दादा म्हणाला.

मावशी बूट शिवायची. अख्खी गल्ली तिला मावशीच म्हणे, तिच्याहून थोरली माणसंसुद्धा. दादा तिचा सख्खा भाऊ. युद्ध संपलं, सगळ्यांनी सुटलो म्हणून हुश्श केलं, आणि मग रानात पुरून राहिलेल्या सुरुंगाने त्याचा उजवा पाय नेला. तेव्हापासून मावशी त्याच्यासाठी जोडी शिवी आणि उजवा बूट नुसता फळीवर चढे. फळी भरली तेव्हा तिच्या डोक्यात आलं, सुरुंग सीमेपलीकडेही होतेच की! तिकडे कुणाचा तरी डावा गेला असेल. तिने पलीकडच्या दवाखान्याला पत्र धाडलं आणि दादाच्याच मापाचा एक पाववाला सापडला. पहिला उजवा बूट गेला, तसं उलट टपाली उत्तर आलं, "अगदी बसला. तुमच्या भावाला सांगा, पाय जपून ठेव, आता आपण भागीदार आहोत."

मग तिला नादच लागला. लग्नं जुळवणाऱ्या बाईसारखी ती मापांची वही घेऊन बसे. इकडचा डावा, तिकडचा उजवा, एका कातड्यातून दोन देशांचे दोन पाय. शिलाई फुकट, वर गल्लीची बोलणी. "तिकडच्यांनीच पेरले ना ते सुरुंग?" कुणी खवचटपणे विचारलं, तर ती हातातली आरी न थांबवता म्हणे, "पाववाल्याने नाही पेरले."

आता याच कामासाठी तिला आंतरराष्ट्रीय शांतता सन्मान मिळत होता. आणि देणार कोण, तर सीमेवरच्या नाक्याचे मोठे साहेब! ज्यांच्या नाक्यावर पाववाल्याच्या नव्या बुटाचं पार्सल तीन आठवडे अडकून पडलं होतं, तेच. मावशीने तिथे चपला झिजवल्या. पण एक कारकून दुसऱ्याकडे बोट दाखवी आणि दुसरा नेमका जेवायला गेलेला असे. पिशवीतलं पत्र पाववाल्याच्या बायकोचं होतं. जुना बूट फाटलाय, अंगठ्याला जखम झालीय, यांना मधुमेह. मऊ तळाचा बूट लवकर मिळाला नाही, तर नुसता अंगठा कापून भागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. एकच तर पाय उरलाय, मावशी.

सभागृहाच्या दारातच सोहळा भरवणाऱ्या संस्थेच्या चिटणिसांनी तिला गाठलं. "आज आनंदाचा दिवस आहे, मावशी. पार्सलाचा विषय तेवढा नको हं."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाला पुढच्या रांगेत बसवून ती मंचावर चढली.

साहेबांनी भाषण ठोकलं. शांतता, बंधुभाव, सेवा, सगळं झालं. मग त्यांनी हसत मानपत्र पुढे केलं. फोटोवाले सरसावले. मावशीने हात पुढे केलाच नाही.

"आधी बूट सोडा, साहेब."

साहेबांना वाटलं, बाई थट्टा करतेय. मावशीने माइक ओढून घेतला आणि पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

"हे पहा बाई," साहेब घसा साफ करत म्हणाले, "जोडी नसलेला बूट आमच्या लेखी माल होत नाही. ती संशयास्पद वस्तू ठरते. पूर्ण जोडी असती तर आजच्या आज सोडली असती. नियमापुढे मी तरी काय करणार?"

"हे एवढं एक वाक्य सांगायला तीन आठवडे कुणाला तोंड नव्हतं?" मावशीचा आवाज चिरकला. तिला रडू येत होतं आणि त्याचाच तिला संताप येत होता.

तेवढ्यात कुबडीचा ठक ठक आवाज आला. दादा पुढे आला, मंचाच्या पायरीवर टेकला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. त्याचं पाऊल बाहेर आलं. घराबाहेर ते उघडं मावशीने कधी पाहिलं नव्हतं. दादाने हात लांबवून बूट टेबलावर, मानपत्राशेजारी ठेवला.

"घ्या. ह्याचा उजवा तुमच्या गोदामात आहे. झाली जोडी पूर्ण."

"अहो, पण डावा बूट त्या पाववाल्याच्या काय कामाचा?"

"त्याच्या नाही, तुमच्या नियमाच्या कामाचा."

मागे कुणीतरी मोठ्याने हसलं. साहेबांचे कान लाल झाले. "पण तुम्ही घरी कसे जाणार?"

"एका पायावर. रोजच्यासारखा."

"बरं, बरं. उद्या बघतो मी."

"आजच्या आज म्हणालात," मावशी म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलंय."

चिटणीस लगबगीने पुढे आले. अजून तीन भाषणं व्हायची होती. मावशीने आपल्या चपला काढल्या, दादाच्या बुटाशेजारी टेबलावर ठेवल्या आणि अनवाणी पायांनी खाली उतरून पायरीवर त्याला खेटून बसली.

"बूट पोचल्याचा पाववाल्याचा फोन येऊ द्या, मग वर येते," ती म्हणाली. "तोवर चालू द्या तुमची भाषणं."