काचेवरचे कुंकू

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. नाव ऐकून मोठे यंत्र डोळ्यांपुढे आणू नका. काड्यापेटीएवढे माझे अंग, पुढे नखाएवढी काच आणि मागे शेपटीसारखी एक वायर. शिक्रापूरला हायवेच्या कडेला दादांचे वर्कशॉप आहे. तिथल्या ग्राइंडिंग मशीनच्या अंगाला चिकटून मी बसलेला असतो. मला बघणारा प्रत्येक जण विचारतो, "हे एवढंसं काय करणार?" विचारू देत. मला सवय झाली आहे.

माझे काम बघण्याचे. काचेतून मी समोरच्या लोखंडी टेबलावर उजेड टाकतो. तुम्हाला ते टेबल गुळगुळीत वाटेल, मला त्यावरचा बारीकातला बारीक ओरखडा दिसतो. टेबल हलले की ओरखडे हलतात. ते पाहून मी सांगतो, टेबल पुढे किती गेले, वर-खाली किती झाले, माझ्याकडे किती झुकले. हे सगळे केसाच्या जाडीहूनही कमी फरकाने, बरे का! पूर्वी या कामाला गोल तोंडाचे तीन डायल लागायचे, प्रत्येक दिशेला एक. मी आलो आणि तिघेही कपाटात जाऊन बसले.

माझा जन्म एका अगदी स्वच्छ खोलीत झाला. तिथली माणसे डोक्याला टोप्या घालून, चिमट्याने माझे अवयव जोडत होती. तिथून मी आलो तो थेट शिक्रापूरच्या धुळीत. पहिल्याच दिवशी हायवेवरून उसाचा ट्रक धडधडत गेला आणि माझे सगळे आकडे थरथरले. मला वाटले, आता मशीन कोसळणार! तेव्हा एक चष्मेवाले गृहस्थ खाली वाकले आणि हसत म्हणाले, "घाबरू नगं रं बाबा, हितं रोजचंच हाय हे."

ते बाबुलालमामा. कोरेगाव भीमाहून रोज येणारे, मिसरूड फुटल्यापासून याच मशीनवर उभे असलेले. सकाळी आल्याबरोबर ते खिशातून मऊ फडके काढत. आधी माझी काच पुसत, मग दुसऱ्या टोकाने स्वतःचा चष्मा पुसत. मग मशीन सुरू होई. माझे आकडे बघून ते लोखंड घासणारे चाक किंचित खाली घेत, किंचित वर घेत. त्यांच्या हातून उतरलेला जॉब, म्हणजे घासायला आलेला लोखंडी तुकडा, आरशासारखा चमकायचा. मला ते फार आवडायचे. यात लपवण्यासारखे काही नाही.

वर्कशॉपमध्ये माझ्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. सेन्सर म्हणाला म्हणजे झाले! या मानाने मी तेव्हा फुगून जायचो. आज वाटते, मान थोडा कमी मिळाला असता तर बरे झाले असते.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी मशीन बंद ठेवून त्यांची पूजा करतात. वर्कशॉपची झाडलोट करणाऱ्या झुंबरबाईंनी आपल्या शेतातला टोपलीभर झेंडू आणला होता. त्यांनी प्रत्येक मशीनला माळ घातली, हळदकुंकू वाहिले. आमच्यापाशी आल्यावर त्यांना माझी काच लुकलुकताना दिसली.

"आगं बया, हे लेकरू राहिलंच की!" असे म्हणत त्यांनी चिमूटभर कुंकू घेतले आणि प्रेमाने माझ्या काचेवर टेकवले. मला एकदम लाल दिसू लागले. पण खरे सांगू? तोवर कोणी माझी पूजा केली नव्हती. मला बरे वाटले.

दसऱ्यानंतर काम सुरू झाले. बाबुलालमामांनी सवयीने फडके काढले, कुंकू पाहिले आणि हात मागे घेतला. "झुंबरबाईंच्या पूजेचं हाय. आपुन पुसू नये," असे पुटपुटत त्यांनी फक्त माझी पाठ पुसली. रोज हेच. घासताना लोखंड तापू नये म्हणून सोडलेल्या पांढऱ्या पाण्याचे तुषार माझ्यापर्यंत येत. त्यात कुंकू हळूहळू कालवले गेले, काचभर पसरले आणि वाळून तिथेच बसले. ओरखडे मला पुसट दिसू लागले. टेबल सरळ जात होते आणि मी सांगत होतो की ते डुगडुगते आहे. माझ्यावर विश्वास ठेवून मामा चाक खालीवर करत आणि चांगला जॉब बिघडे.

गिऱ्हाइकांकडून माल परत येऊ लागला. दौंडहून नोकरीसाठी आलेली हर्षदा आमची इंजिनीअर होती. मोठी कष्टाळू पोरगी. तिने तेल तपासले, पट्टे तपासले, माझी वायरसुद्धा काढून पुन्हा जोडली. माझ्या तोंडाकडे मात्र तिने पाहिले नाही. तिचा डोळा माझ्या आकड्यांवरून संगणकावर उमटणाऱ्या रेषेवर होता आणि ती रेषा रोज थोडी थोडी बिघडत होती, झिजलेल्या मशीनची बिघडते तशीच.

"मामा, टेबल ज्यावरून सरकतं ते मार्ग झिजलेत. मशीन संपलं हो," ती शेवटी कष्टी होऊन म्हणाली.

दादांनी नवीन मशीन घ्यायचे ठरवले आणि जुने भंगारात द्यायचे. बाबुलालमामा कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दादा, मशीनचं कशाला नाव घेता? वय झालं, माझाच हात गेला असंल. मशीनसंगं मलाबी मोकळं करा."

"काहीतरीच काय मामा!" दादा म्हणाले खरे, पण मामांनी दुसऱ्या दिवशी आपला डबा ठेवायचा खण रिकामा केला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते. पण माझ्याकडे आकड्यांशिवाय काही नव्हते, आणि तेच खोटे झाले होते.

मशीन न्यायला टेम्पो आला. नोंदीसाठी शेवटचे आकडे घ्यावेत म्हणून हर्षदाने मशीन चालू ठेवले होते. टेबल मोकळेच पुढेमागे फिरत होते. एवढ्यात झुंबरबाई बादली घेऊन आल्या.

"थांबा वाईच. पूजेचं कुंकू तसंच भंगारात धाडायचं न्हाई. ज्यानं लावलं त्यानंच उतरवायचं आस्तं."

त्यांनी मशीनवरचे कुंकू ओल्या फडक्याने पुसले. मग माझ्यासमोर बसल्या, पदराचे टोक भिजवले आणि माझी काच हलक्या हाताने पुसली. एकदा, मग पुन्हा एकदा. आणि मला ओरखडे दिसले! सगळे माझे ओळखीचे, जागच्या जागी.

"मामा!" हर्षदा किंचाळलीच. "रेषा सरळ झाली! झुंबरमावशी, काय केलंत तुम्ही?"

"काय न्हाई गं बाई, ह्याचं तोंड पुसलं."

हर्षदा धावत गेली, कपाटातले डायल आणून टेबलाला लावले. डायलही माझ्यासारखेच बोलले. मार्ग शाबूत होते. झुंबरबाईंच्या सगळे ध्यानात आले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. "म्हंजी माज्याच हातानं झालं व्हय हे? भाऊ, तुमी घरी बसला आस्ता माज्यापायी!"

"आन् मी रोज बघत हुतो की," मामा म्हणाले. "तुमच्या हातानं लागलं, तुमच्याच हातानं निघालं. रडू नगा, झुंबरबाई."

त्यांनी मशीनवर एक जॉब चढवला. टेम्पोवाला, दादा, हर्षदा, सगळे भोवती जमले. ठिणग्या उडाल्या, चाक थांबले. हर्षदाने जॉब मोजला आणि नुसती मान डोलावली. मामांनी तो हातात घेतला, पण बघितला नाही. ते आपला हातच उलटसुलट करून बघत होते.

"हात गेला न्हाई माझा," ते हळूच म्हणाले. टेम्पो रिकामाच परत गेला.

पुढच्या खंडेनवमीला झुंबरबाई कुंकवाची वाटी घेऊन माझ्यासमोर अवघडून उभ्या राहिल्या. मामांनी माझ्या पाठीवर बोट ठेवले. "हितं लावा. पर लावा. न लावता जाऊ नगा."

मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत माझ्यासारखे मुके डोळे असतील. आमचे लाड जरूर करा, आम्हाला आवडतात. पण आमचे काही चुकले तर आमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला लगेच म्हातारा ठरवू नका. आधी जवळ या आणि आमची काच पुसून बघा.