चाके जमिनीला टेकल्यावर

या मित्रांनो, असे जवळ या. पुढची मंडळी जरा सरका, मागच्यांनाही बसू द्या. गोष्ट लोखंडाची आहे, पण ती कठीण मनाने ऐकायची नाही. घटकाभर चित्त इकडे द्या, म्हणजे एका माउलीच्या पाठीची कळ कशी थांबली ते सांगतो.

मी एका छोट्या मोटारीचा जुना लोखंडी आर्म आहे. नाव अवघड वाटेल, काम मात्र सोपे. तुमचा हात खांद्याशी जोडलेला असतो आणि पंजा वरखाली हलतो, तसे माझे एक टोक गाडीच्या अंगाशी आणि दुसरे चाकाशी. खांद्याच्या जागी एक बोल्ट आणि त्याभोवती जाड रबराचा बुश. चाक खड्ड्यात उतरले की मी झुकायचे, उंचवट्यावर चढले की वर व्हायचे, आणि आत बसलेल्या माणसाला त्याची खबर लागू द्यायची नाही.

भट्टीत मी लालबुंद झालो, घणाचे घाव सोसले, तेव्हा कुठे आकाराला आलो. घाव घालणाऱ्याचा राग धरायचा नसतो. त्याच्याच हातून देव आपल्याला घडवत असतो. माझा जुळा भाऊ दुसऱ्या बाजूच्या चाकाशी लागला. समोरासमोर असूनही आमची कधी भेट नाही, पण रस्ता एकच.

आमची मोटार एका शिंप्याने घेतली होती. तो गेला, त्याची पत्नी म्हातारी झाली आणि मुलगा चित्रकलेचा शिक्षक झाला. मुलाने गाडी विकली नाही. दर आठवड्याला तो आईला पुलापलीकडे तिच्या थोरल्या बहिणीकडे नेई. ती बहीण अंथरुणाला खिळलेली, वाट उंचसखल दगडी फरशीची आणि आईच्या पाठीचे मणके झिजलेले. तरी गाडीत बसली की ती म्हणायची, "पाळण्यात बसल्यासारखं वाटतं रे."

मग एकदा आमच्या बुशांची रबरे बदलली. ते काम केले शिंप्याच्या जुन्या स्नेह्याने, फिटरकाकांनी. त्यांचा हात मोठा सफाईदार आणि त्यांना त्याचा अभिमानही तेवढाच. पण त्यानंतर गाडी कडक झाली. प्रत्येक दगड आईच्या पाठीत जाऊन बसू लागला. भाड्याची उंच गाडी करून पाहिली, तर चढतानाच तिचा जीव कासावीस झाला. शेवटी ती मुलाला म्हणाली, "आता मला जमत नाही. ताईला फोनवर सांग, धाकटी थकली म्हणून."

मुलाने फोन केला नाही. त्याने कुठेसे वाचले होते, की चाकाशी बांधलेले ओझे कमी केले तर गाडी मऊ चालते. त्याने ॲल्युमिनियमचे हलके, चकचकीत आर्म मागवले. मला ते दिसले आणि माझा गर्व गळाला. एवढी वर्षे राबलो, आणि दुखण्याचे कारण मीच ठरलो!

गाडी फिटरकाकांच्या शेडमध्ये आली. आई स्टुलावर येऊन बसली. फिटरकाकांनी नवा आर्म हातात तोलून पाहिला आणि मुलाला चिडवले, "मास्तर, याच्यापेक्षा जास्त वजन तुमच्या डिकीतल्या रद्दीचं असेल." मुलगा हसला. मग काकांनी मला सोडवले आणि बुशाकडे पाहताच त्यांचा चेहरा उतरला. नवे घातलेले रबर पिळवटून एका अंगाला फाटले होते. त्यांनी माझ्या जुळ्या भावालाही काढले. तिथेही तसेच.

मित्रांनो, काका गप्प राहिले असते तर कुणाला कळले नसते. नव्या आर्ममध्ये नवे रबर होतेच. ते नीट बसवले की गाडी मऊ झाली असती, वाहवा हलक्या धातूची झाली असती आणि मी भंगारात गेलो असतो. पण काका खाली जमिनीवरच बसले आणि आईला म्हणाले,

"वहिनी, तुमची पाठ या लोखंडानं नाही दुखवली. मी दुखवली."

मग त्यांनी सांगितले. मागच्या वेळी गाडी जॅकवर उचललेली होती, चाके अधांतरी लोंबत होती आणि त्यांनी घाईत बोल्ट तसेच आवळले. रबराने तीच जागा धरली. गाडी खाली उतरल्यावर ते कायमचे पिळलेले राहिले, दर धक्क्याला विरोध करत राहिले आणि शेवटी फाटले. चाके जमिनीला टेकून गाडीचे वजन अंगावर आले, की मगच शेवटचे आवळायचे असते.

मुलगा संतापला. "काका, एवढे दिवस आई हे सोसत होती!" तो म्हणाला. आईने त्याला हाताने थांबवले. ती काकांकडे वळली.

"मग आता नीट करा," ती म्हणाली. "आणि उद्या तुम्हीही चला. मागच्या सीटवर बसा. दगड मोजायला कुणीतरी हवं."

मुलाने विचारले, मग हे हलके आर्म फुकटच का? काकांनी मान हलवली. हलके वाईट नसते, ते म्हणाले. चाक रस्त्याला चिकटून चालते आणि छोट्या गाडीला त्याचा गुणही येतो. पण आर्मचे एक टोक गाडीच्या अंगाशी जागच्या जागी फिरते, त्याचे सगळे ओझे चाकावर नसतेच, म्हणून फायदा थोडाच. आधी रबर, धक्के झेलणारा शॉकअप आणि टायरमधली हवा पाहावी. "दुखणं ओळखल्याशिवाय औषध बदललं, तर बरं कशानं वाटलं तेच कळत नाही. अन् मी दुसऱ्याच्या गाडीतही हीच चूक पुन्हा केली असती."

नव्या रबरानिशी आम्ही दोघे पुन्हा जागेवर बसलो. दुसऱ्या दिवशी दगडी वाट लागली, तसे आईने दाराचे हँडल घट्ट धरले. अर्ध्या वाटेवर तिची मूठ सैल झाली. बहिणीच्या दाराशी ती मुलाचा आधार न घेता उतरली.

त्यानंतर ती चुकली नाही. थोरली गेली तेव्हा तिचा हात धाकटीच्या हातात होता. परतताना मी प्रत्येक दगड जपून ओलांडला. लोखंडाला याहून वेगळी पूजा येत नाही.

पुढे मला गंजाने पोखरले. आम्हा भावांच्या जागी तेच हलके आर्म बसले, आणि काकांनी ते चाके जमिनीला टेकवूनच आवळले. मला त्या नव्यांचा हेवा नाही. मी आता शेडमधल्या खिळ्यावर असतो. मित्रांनो, जुन्या वस्तूला टाकण्याआधी एकदा तिचे दुखणे विचारा.

फिटरकाका आता नाहीत. रात्री देवासमोर हात जोडाल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा. कुणी विचारले नव्हते, तरी ते खरे बोलले.