बांधलेला दंड

तुम्ही पाहिलं होतं, डॉक्टरसाहेब. माझ्या बायकोचा हात वाकडा होताना तुम्ही पाहिला, तो का होतो हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही हसलात.

पंचफुला माझी बायको. चोपन्न सालच्या चैतात तिसरं लेकरू झालं. ते दिवसभर तिच्या छातीला. महिन्याभरात तिच्या बोटांना मुंग्या, ओठांना मुंग्या. मग हात आवळायचा. अंगठा आत, बोटं जुळून पुढं. सुईण तेल लावून हात आत घालते ना, तसा. माझी माय गोजराबाई म्हणाली, "बाहेरची बाधा हाय." मी म्हणालो, "भूतगीत काही नसते, माय. दवाखान्यात नेतो."

आमच्या कामरगावाकडून तुमच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडीनं अर्धा दिवस. तुमच्याकडे एक पाहुणा डॉक्टर बसला होता. तुम्ही तिच्या दंडाला रबरी पट्टा गुंडाळला, फुगा दाबत गेलात. तीन मिनिटांत हात वळला. तुम्ही पाहुण्याला कोपरानं डिवचलं, इंग्रजीत काही बोललात. पट्टा सोडला, हात मोकळा.

"काय हाय जी तिले?" मी विचारलं.

"तुला समजून काय उपयोग?"

माय पुढं झाली. "बाधा तं नाही ना जी?"

"असेल बाई, भूतच असेल!" दोघं खदाखदा हसलात. आम्हाला एक शिशी गुलाबी पाणी, आणि मंगळवारी पुन्हा यायचं.

गाडीत माय म्हणाली, "पाह्यलं? पट्टा आवळला तसं भूत हातात उतरलं, सोडला तसं पळालं. डॉक्टरच बोलला. त्याच्यापाशी मंतर नाही, एवढंच."

माझ्याही डोळ्यांनी तेच पाहिलं होतं.

सोमवारी दुपारी भूत उतरवणारा गोपीचंद भगत आला. "डॉक्टरनं बांधलं तसंच बांध," माय मला म्हणाली. बैलाचा कासरा मी तिच्या दंडाला बांधला. हात वळला. अंगणातल्या बाया मागं सरल्या.

"धरलं!" गोपीचंद ओरडला. "सोडजो नोको!"

विळा चुलीत लाल झाला होता. एक डाग मनगटावर, दुसरा तळहातावर.

"कोन होय तू? नाव सांग!" माय ओरडली.

"मी पंचफुला होय व माय! दुसरं कोनी नाही!"

"खोटं बोलून राह्यली," शेजारची चतुराबाई म्हणाली. "भूत असंच बोलते."

रडून रडून तिचा श्वास भरभर चालला. दुसरा हात वळला, पाय वळले, मग घसा. कोंबड्यासारखा एक आवाज निघाला आणि तुटला. "उतरलं," गोपीचंद म्हणाला, "सोड आता." मी कासरा सोडला. हात हळूच उघडला. पंचफुला गेली होती.

दिवाळीनंतर इंद्रभान पाटलाची म्हैस व्याली आणि मान पोटाशी वळवून पडली. ढोरांचा डॉक्टर सायकलवर आला, मानेच्या शिरेत बाटलीभर औषध सोडलं. आमचा चहा होईस्तोवर म्हैस उठली, शेण टाकलं, वगारीला चाटायला लागली.

"काय झालं होतं जी?"

"रक्तातला चुना घटला. सारा दुधात जाते."

"मानसात होते काय?"

"होते ना. लेकुरवाळ्या बाईत होते. हात आवळतो. दंड बांधला तं हटकून आवळतो, तीच त्याची पारख. सुई देल्ली का मोकळा." मग माझ्याकडे पाहिलं. "काहून गा, रडतं काहून?"

तुमच्या काचेच्या कपाटात त्याच औषधाचे डबे होते. ढोरांच्या डॉक्टरच्या बाटलीवरचं नाव ध्यानात ठेवून मी इथं परत आलो आणि काचेबाहेरून नावं वाचली. मोडकंतोडकं इंग्रजी मी माझं मीच शिकलो आहे.

मारलं आम्ही. कासरा माझा, विळा गोपीचंदचा, तोंड मायचं. मी नाकारत नाही, आणि गोपीचंदला मी गावापुढं जोड्यानं मारलं. पण बांधलं की हात वळतो, हे आम्हाला कोणी शिकवलं? भूत आहे, हे कोण बोललं?

रक्तात चुना कमी आहे बाई, भूत नाही. एवढं म्हणायला किती श्वास लागतो? पाटलाची म्हैस उठते आणि माझी पंचफुला जळते, तुमचं कपाट भरलेलं असताना?

काहून बोलला नाहीत, डॉक्टरसाहेब? मी दवाखान्याच्या दारात बसलो आहे. बाहेर या आणि सांगा.