लहान मुलांची डॉक्टर

सुजाताबाईंना अंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली, तेव्हा त्या अबूधाबीत, खलिफा सिटीला लेकीकडेच होत्या. गाठ दुखत नव्हती. शिवाय जावयाच्या घरी आपलं आजारपण कशाला, असं म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. सुचित्राची नोकरी, सतीशरावांची धावपळ, नातीची, इराची परीक्षा. त्यात आपली भर नको.

अशात अबेना आली. घानाची ही पोर पुण्यात डॉक्टरी शिकताना सुजाताबाईंकडेच भाड्यानं राहायची. साबुदाण्याच्या खिचडीसाठी स्वतःहून उपास धरायची आणि त्यांना ‘आई’ म्हणायची. आता ती घानातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात लहान मुलांची सर्जन होती आणि अबूधाबीला कॉन्फरन्ससाठी आली होती, ती उतरली इथेच.

जेवताना इरानं विचारलं, “मावशी, व्हॉट्स युअर रिसर्च अबाउट?”

अबेना सगळ्यांना समजावं म्हणून मराठीतच बोलली. “आमच्याकडे मुलाचं ऑपरेशन असलं की आई त्याच्या खाटेपाशी बसून असते. मुलासाठी कोसभर चालत येते, पण स्वतःच्या छातीतली गाठ कोणाला दाखवत नाही. म्हणून आम्ही वॉर्डातच आयांना तपासायला लागलो. त्यानं कॅन्सर लवकर सापडतो का, ते बघतोय.”

“पण दुखल्यावर येतच असतील की,” सुजाताबाई वाढता वाढता म्हणाल्या.

“बऱ्याचदा दुखतच नाही, आई. म्हणून तर उशीर होतो.”

सुजाताबाईंच्या हातातला डाव आमटीतच राहिला.

दुपारी अबेना बॅग आवरत होती. सुजाताबाई खोलीत आल्या, दार लोटलं आणि पलंगाच्या कडेला बसल्या. “जरा बघतेस?”

काय बघायचं, ते अबेनाला लगेच कळलं. “आई, मी लहान मुलांची डॉक्टर.”

“मग मला लहान समज.”

अबेनानं हात धुतले, चोळून उबदार केले आणि शांतपणे तपासलं. “हाताला कळतं त्यावरून काही सांगता येत नाही. टेस्ट हवी. आणि सुचित्राला सांगायला हवं.”

“तू सांग.”

“नाही. तुम्ही सांगा. मी शेजारी बसते.”

संध्याकाळी सुजाताबाईंनी कसंबसं सांगितलं. सुचित्रा आईला बिलगून रडायला लागली. सतीशराव मात्र चिडलेच. “आई, मी जावई आहे की परका? एवढे दिवस एकटीनं सोसलंत?” आणि लगेच फोन उचलून म्हणाले, “खलास, विषय संपला. उद्याच दवाखान्यात जायचं.”

गाठ कॅन्सरचीच निघाली. पण लहान होती, पसरली नव्हती. अबेनानं परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि ऑपरेशनच्या दिवशी थिएटरच्या दारापर्यंत त्यांचा हात धरून चालली. इथल्या सर्जनला तिनं इतके प्रश्न विचारले, की शेवटी तो हसून म्हणाला, “डॉक्टर, इन्शाल्ला, मी ऑपरेशन करू का?”

अबेना घानाला परतली. सुजाताबाईंचा हात अजून वर जात नव्हता, म्हणून सकाळी वेणी घालायचं काम सुचित्राकडे आलं.

“भांग वाकडा पाडलास,” आरशात बघत त्या म्हणाल्या.

“लहानपणी तू माझा रोज वाकडाच पाडायचीस.”

“खोटं! कधी गं?” म्हणत सुजाताबाई खळखळून हसल्या. मग टाके ताणले गेले तशा “आई गं” म्हणून थांबल्या, आणि पुन्हा हसायला लागल्या.