खाणीकडचा फाटा

गेली अकरा वर्षं मी आणि सिस्टर चार दिवस सुट्टी काढून समुद्राकाठच्या त्याच गावी जातो. सिस्टर म्हणजे आमच्या दवाखान्यातली हेड नर्स. मी तिथल्याच लॅबमध्ये रक्त तपासते. गाडी तिची, रस्ता सांगायचं काम माझं. यंदा निघायच्या आदल्या दिवशी ती सहज म्हणाली, "अगं, आपल्या औषधवालीलाही घेतलंय."

औषधवाली म्हणजे मेडिकलच्या काउंटरवर सहा महिन्यांपूर्वी आलेली पोरगी. तिला गाडी लागते, म्हणून ती पुढे बसली आणि मी मागे, बॅगांशेजारी. मोठ्या डॉक्टरांची नक्कल करून ती सिस्टरला हसवत होती. माझ्या विनोदांवर सिस्टर नुसती "हं" करते. इथे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. एकदा तर "कमाल आहेस बाई!" म्हणाली. हे ती मला म्हणायची. माझा नुसता तिळपापड झाला.

घाटात धुकं असं दाटलं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. औषधवाली मोबाईलवर रस्ता बघत होती, त्याची रेंजही गेली. तेवढ्यात फाटा आला. अक्षरं उडालेला, वाकलेला बोर्ड मी लगेच ओळखला. डावीकडे दगडाची जुनी खाण, उजवीकडे समुद्र.

"डावीकडे ना गं?" सिस्टरने विचारलं. मला नाही, तिला.

"डावीकडेच असेल."

मी तोंडात मिठाची गुळणी धरली. होऊ दे फजिती, म्हटलं.

दहा मिनिटांनी डांबर संपलं आणि सिस्टरने करकचून ब्रेक मारला. उतरून पाहतो तर चाकापासून चार पावलांवर जमीनच नव्हती. 

"माहीत नव्हतं तर बोललीस कशाला?" सिस्टर औषधवालीवर खेकसली.

"चुकलं माझं," पोरगी रडवेली होऊन म्हणाली.

खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याची लाज पुढे घाट उतरेपर्यंत सुटली नाही.

लॉजवर सिस्टर आंघोळीला गेली. औषधवाली खिडकीत ओले मोजे वाळत घालत होती. मी म्हटलं, "फाटा मला माहीत होता."

"ठाऊक आहे, ताई. आरशात पाहिलं मी. तुम्ही मान वळवून बोर्डाकडे बघत होतात."

"मग खाणीपाशीच का नाही सांगितलंस?"

"तुमची अकरा वर्षं, माझे सहा महिने. सिस्टरनी कुणाचं ऐकलं असतं?"

सिस्टर केस पुसत बाहेर आली तेव्हा मी तिलाही सांगून टाकलं. ती खुर्चीत बसली.

"तिघी गेलो असतो गं," एवढंच म्हणाली, आणि औषधवालीला घेऊन समुद्रावर निघून गेली. मी दिवसभर त्या खोलीत एकटी बसून होते.

संध्याकाळी दार ढकलून सिस्टर म्हणाली, "ऊठ, जेवायला चल. आधी हिची माफी माग."

मी मागितली. औषधवालीने खिडकीतले मोजे चाचपून पाहिले. मग म्हणाली, "बघते. विचार करून सांगते."

त्यावर सिस्टर खळखळून हसली. मला हसू आलं, आणि जरासं टोचलंही.