शिवलेला पट्टा

टपालवालीची घोडी मान झटकायची. दोनदा तिच्या डोक्याचा टोला टपालवालीच्या हनुवटीला बसला, तेव्हा खोगिरं शिवणारा तिचा धाकटा भाऊ इरेला पेटला. त्याने नाकपट्टीपासून पुढच्या पायांमधून थेट पोटाखालच्या तंगापर्यंत जाणारा पट्टा केला. घोडीने मान वर उचलली की तो ओढून धरायचा. आणि दोन्ही टोकं पठ्ठ्याने जागच्या जागी शिवूनच टाकली.

"अरे, बकल कुठंय?" ताईने विचारलं.

"बकल म्हणजे कच्चं काम. माझी शिवण आजवर कधी सुटलीय?"

घोडं पोहतं ते नाक वर काढून, तेव्हा खोल पाण्याआधी असला पट्टा काढायचाच, हे टपालवालीला पाठ होतं. पण भावाची स्वारी आपलं काम बघायला खास तिच्या वाटेवरच्या नदीपर्यंत आली होती. त्याच्यादेखत सुरी लावली असती तर बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं असतं. आज पाणी पोटापर्यंतच असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि घोडी नदीत घातली. इथेच तिची अक्कल गहाण पडली.

मधोमध घोडीच्या पायाखालचा तळ सुटला. ती नाक वर काढायला जायची आणि पट्टा ते खाली खेचायचा. फुरफुरणं थांबलं, नुसते बुडबुडे येऊ लागले. टपालवालीने रिकिबीतून पाय काढले, लगाम ढिला सोडला आणि घसरून घोडीच्या मानेलगत पाण्यात उतरली. एका मुठीत आयाळ, दुसऱ्या हातात टपालाच्या सुतळ्या कापायची सुरी. शिवणीवर सुरी चालेना. मेल्याने मेण लावलेला दोरा दुहेरी घातला होता! तिने भावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या तिच्याही पिढ्या होत्या, पण ते सुचायची ती वेळ नव्हती. मग शिवणीचा नाद सोडून तिने चामड्यावरच सुरी घासली.

पट्टा तुटला. घोडीने नाक वर काढलं, खोकली, आणि सरळ समोरच्या काठाकडे निघाली. टपालवाली आयाळ धरून तिच्याबरोबर ओढली गेली.

काठावरच्या चिखलात दोघी निथळत उभ्या राहिल्या. भावाचं मन राखायला निघाले आणि मुक्या जिवाला मारलंच असतं, या विचाराने टपालवालीला रडू फुटलं. कानातलं पाणी गळलं तेव्हा कुठे तिला आवाज ऐकू आला. पोहण्याचा गंध नसलेला तिचा भाऊ पलीकडे छातीएवढ्या पाण्यात उभा होता. घसा पार बसला होता, तरी ओरडत होता.

"काप गं ताई! काप तो पट्टा! काप!"

केव्हापासून ओरडत होता कोण जाणे. तिने नाकपट्टीला लोंबणारं तुटकं टोक उंच धरलं आणि त्याला दिसेपर्यंत हलवत राहिली.