खिडकीखालची बालवाडी

बायको जाऊन आठवडा झाला, तेव्हा नातीला पहिल्यांदाच मी बालवाडीत घेऊन गेलो. तोवर ते काम तिचंच. काही विचारलं की म्हणायची, "तुम्ही काज-बटणं सांभाळा, शाळेचं मी बघते." मी शिंपी माणूस. गणवेश तेवढा मी शिवला होता आणि पोर वाढली तसा दोनदा उसवून मोठाही केला होता.

दाराशी पोहोचलो तर भिंगरी आत जाईना. खिडकीखाली जाऊन बसली.

"अगं, आत जा ना."

"आत त्यांची शाळा, आपली इथं. आबा, खाली बसा. आजी बसते."

बाई बाहेर आल्या. "आजोबा, हिचं नाव पटावर नाहीच. आजी बोलल्या नाहीत? दोन वर्षं दोघी रोज इथं बसायच्या. आतलं गाणं बाहेर म्हणायच्या. मी खिडकी उघडी ठेवायचे, तेवढंच माझ्या हातात."

"नाव का नाही?"

"आईची नाहीतर वडिलांची सही लागते."

"माझी घ्या की."

"चालत नाही हो. नाहीतर तुम्हीच पालक असल्याचा कोर्टाचा कागद आणा."

भिंगरीचा बाप ती पोटात असतानाच परागंदा झाला. आई म्हणजे माझी मुलगी. तिच्या दुसऱ्या लग्नाच्या बैठकीत पाहुण्यांनी विचारलं, "मागचं काही?" आमच्यात अशा वेळी 'काही नाही' म्हणायची रीतच आहे. मूल आजोळी ठेवायचं आणि तोंड मिटायचं. मीही म्हणालो, "काही नाही." भिंगरी तेव्हा शेजारणीकडे झोपली होती.

दुकानात येऊन मुलीला फोन लावला.

"एक सही हवी आहे गं."

"बाबा, सासूबाई इथंच आहेत," ती कुजबुजली. मग मोठ्यानं म्हणाली, "हो हो, ब्लाउजचं माप पाठवते!" पुन्हा हळू, "कागद इथं आला तर? शब्द तुम्हीच दिला होता ना?"

फोन बंद झाला.

वकील म्हणाले, कोर्टात आईला यावंच लागेल.

दोन महिन्यांनी भिंगरीला सहा वर्षं पूर्ण होतील, मग पहिली, आणि तिथंही हीच सही. ऐकून येण्यासारखं सगळं तिला येतं. पेन्सिल धरता येत नाही. ते खिडकीखालून दिसत नाही.

मुलीच्या सासरी जाऊन "हिला एक मुलगी आहे" एवढंच सांगायचं आहे. सांगितलं तर तिचा संसार मोडेल.

मी अजून सांगितलेलं नाही.